चौथं माप

मंगळवार, ९ सप्टेंबर. सकाळी सहाला उठले. मळभ, ऊन नाही. दूध अर्धा लिटर. यांचं वजन मशीनआधी ६१ किलो ४०० ग्रॅम. शुक्रवारी मशीनवरून उठले तेव्हा ५८.२०० होतं. म्हणजे चार दिवसांत तीन किलो दोनशे. एरवी सव्वादोनच्या वर जात नाही. पाणी रोज सात मापं, एकही जास्त नाही. हिशेब लागत नाही. वन्संचा फोन, शुक्रवारी येतात. कपड्यांच्या साबणाच्या दोन वड्या आणल्या. टॉवेल वाळला नाही.

एवढं लिहून तिने पेनाला टोपण लावलं, मग पुन्हा काढलं आणि ‘हिशेब लागत नाही’ या शब्दांखाली रेघ मारली. बारा वर्षांची असताना शाळेतल्या मदरने तिला सांगितलं होतं, की दिवस मावळायच्या आत पाच ओळी लिहाव्यात, खऱ्या लिहाव्यात आणि खाडाखोड करू नये. तेव्हापासून तिने एक दिवस चुकवला नव्हता. लग्नाच्या दिवशीही लिहिलं होतं: ‘आज लग्न झालं. चप्पल लागते.’ कपाटाच्या खालच्या दोन फळ्या नुसत्या डायऱ्यांनी भरल्या होत्या आणि त्या सगळ्यांत न लागलेला हिशेब हा पहिलाच होता.

हिशेब पाण्याचा होता आणि तो तिच्या नवऱ्याच्या अंगात अडकला होता.

नवऱ्याला सगळे बाटलीभाऊ म्हणत. नावाने वाटावा तसा हा माणूस पिणारा नव्हता, चहासुद्धा अर्धाच कप घ्यायचा. चौतीस वर्षं ते जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत होते. पहाटे लाकडी खोक्यात बाटल्या घालून आधी सायकलवरून आणि पुढे स्कूटरवरून ते शहरभर हिंडत. चाळीस ठरलेले नळ होते. प्रत्येक नळाचं तोंड स्पिरिटच्या दिव्याने भाजायचं, दोन मिनिटं पाणी सोडून द्यायचं, मग बाटली भरायची आणि चिठ्ठी चिकटवायची. प्रयोगशाळेत आल्यावर त्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघायचा. पिवळा किती आला त्यावरून क्लोरीन किती ते ठरायचं. लोक झोपेतून उठून तोंड धुवायच्या आत त्यांच्या पाण्याची झडती होऊन गेलेली असे आणि त्यांना त्याचा पत्ताही नसे.

“पाण्याला वास नाही, रंग नाही, चव नाही,” भाऊ म्हणत. “म्हणून त्याला लबाडी जमत नाही. काही मिसळलं की लगेच चुगली करतं.”

लग्नानंतर पहिल्यांदा तिने त्यांना पेलाभर पाणी आणून दिलं तेव्हा त्यांनी पेला उजेडात धरला, फिरवला, नाकाशी नेला आणि मग प्यायले. नव्या नवरीला वाटलं, पेला नीट घासला गेला नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मोठ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, “अगं, तो आईच्या हातचं पाणीसुद्धा असंच तपासून घ्यायचा. तुझ्यावर संशय नाही, सगळ्या जगावर आहे.”

भाऊंना पाण्याबद्दल बोलायला लावलं की घड्याळ बघायचं नाही. पाणी कुणाला नाही म्हणत नाही, मीठ म्हणू नका, साखर म्हणू नका, दगडसुद्धा हळूहळू आपल्यात घेतं. सगळ्या वस्तू थंडीने आखडतात आणि हे एकटं बर्फ होताना फुगतं, म्हणून तर तळ्यात बर्फ वर तरंगतो आणि खाली मासे जगतात. उकळलेलं पाणी मेलेलं लागतं, कारण त्यात विरलेली हवा निघून गेलेली असते. आपण ज्याला पाण्याची चव म्हणतो ती त्या हवेची असते. ऐकणारा कंटाळून उठला, तरी भाऊ समोरच्या भिंतीला उरलेलं सांगून टाकत. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बहुतेक वेळा ऐकणारी तीच असे.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी विचारलं, घड्याळ देऊ की सुटकेस? भाऊंनी आपलं जुनं काचेचं मोजपात्र मागून घेतलं. उंच, अरुंद, अंगावर बारीक रेघा, शंभर मिलिलिटरचं. घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तिला वाटलं, फुलं ठेवायला बरं आहे.

बारा वर्षांनी त्यांची मूत्रपिंडं गेली आणि डॉक्टर म्हणाले, “दिवसाला सातशे मिलिलिटर. पाणी, चहा, दूध, आमटी, सगळं धरून.”

फुलं काढून तिने मोजपात्र घासलं. दहा जानेवारीला पहिलं माप भरलं.

उभी राहून तिने पात्र टेबलावर ठेवलं, तांब्यातून बारीक धार सोडली आणि पाण्याची कड शंभरच्या रेघेला टेकली तशी थांबली. भाऊ समोर खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, “अगं, जरा वाक. डोळा खाली आण.”

“मला नका शिकवू,” ती म्हणाली. रात्रभर तिला झोप नव्हती. “उभ्या जन्मात माझा हिशेब चुकलेला नाही. कड रेघेला लागली आहे, दिसतंय मला.”

भाऊंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पात्राकडे पाहिलं. पाणी घोटभर तोंडात धरून सावकाश गिळलं आणि म्हणाले, “बरोबर शंभर.”

तेव्हापासून ते रोजचंच झालं. ती माप भरायची, ते पाणी संपवायचे आणि पोचपावती दिल्यासारखं म्हणायचे, “बरोबर शंभर.” उन्हाळ्यात एखादं माप ती बर्फाच्या साच्यात ओतून ठेवायची. तो बर्फ चघळताना भाऊ डोळे मिचकावत. “शंभराचा एकशे नऊ होतो बर्फ. नऊ मिलिलिटर फुकट. एवढीच काय ती चैन.”

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दवाखान्यात डायलिसिसचं मशीन. नळीतून रक्त बाहेर जायचं, एका पातळ पडद्याच्या एका बाजूने वाहायचं. दुसऱ्या बाजूने स्वच्छ पाणी. रक्तातली घाण पडदा ओलांडून पाण्यात उतरायची. एका वेळेला एकशेवीस लिटर पाणी लागायचं. पहिल्याच दिवशी भाऊ खाटेवरून म्हणाले, “सिस्टर, या पाण्यातला क्लोरीन कुणी तपासला?”

“काका, आमच्याकडे माणूस आहे त्याला.”

“पट्टी दाखवा.”

सिस्टर हसली, पण तिने पट्टी आणून दाखवली. मग दर खेपेला ती आधी बाटलीकाकांना पट्टी दाखवायची आणि मगच नळ्या जोडायची. “साहेबांची सही झाली,” म्हणायची. आपल्या कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत भाऊ मान डोलवायचे. एकशेवीस लिटर पाणी त्यांच्या हाताजवळून वाहून जायचं आणि त्यांच्या वाट्याला सात मापं. यावर त्यांनी कधी विनोद केला नाही. बाकी सगळ्यावर केला.

आणि आता हे वजन.

पाण्याचं एक बरं असतं, एक लिटर म्हणजे एक किलो. भाऊंनीच तिला सांगितलं होतं. त्यामुळे मशीनआधी किती किलो भरले ते बघितलं की अंगात किती लिटर साठलं ते कळायचं. जास्त साठलं की पाणी फुफ्फुसात उतरतं. मे महिन्यात शेजारच्या खाटेवरचे मास्तर तसेच गेले होते. म्हणजे या एक किलोत भाऊंचा जीव होता, हे तिला नीट कळत होतं.

बुधवारी तिने तांब्याला बाहेरून पेन्सिलीने खूण केली. पिंपावरचं झाकण विशिष्ट कोनात ठेवलं. फ्रिजमधल्या बाटलीला दोरा बांधला. संध्याकाळी सगळं जिथल्या तिथे होतं. भाऊ खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते.

“आज कसली एवढी झाकाझाक चालली आहे?” त्यांनी विचारलं.

“मुंग्या झाल्यात.”

“पाण्याला?” भाऊ म्हणाले आणि पुन्हा कोड्यात शिरले.

उरलं न्हाणीघर. गुरुवारी ती दाराशी कान देऊन उभी राहिली. नळ चालू, नळ बंद, नळ चालू. तिला स्वतःची लाज वाटली, पण ती हलली नाही. पंचेचाळीस वर्षांत हा माणूस तिच्याशी खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. पण तहान लागलेला माणूस तिने यापूर्वी पाहिला नव्हता. तो कसा वागतो हे तिला कुठून कळणार?

शुक्रवारी काटा पुन्हा वर गेला. तीन दिवसांत दोन किलो सहाशे. डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी भाऊंकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. “बाहेरून कुठून तरी पाणी जातंय. उद्यापासून सात नाही, सहा. आणि काका, हा खेळ नाही.”

“खेळ असता तर मी जिंकलो नसतो का?” भाऊ म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत.

दुपारी वन्सं आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, काठी टेकत. जीभ मात्र विशीतली. सगळं ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात वहिनीला हळूच म्हणाल्या, “लहानपणी साखर चोरायचा. डबा उंच ठेवला तर स्टुलावर स्टूल ठेवायचा. चोर तो चोरच. न्हाणीघराचा कॉक बाहेर आहे ना? तो आत गेला की बंद कर. चूळ भरायला तांब्याभर पाणी मोजून दे.”

“वन्सं, कसं बरं दिसेल ते?”

“मेल्यावर बरं दिसेल?”

संध्याकाळी सहाला भाऊ तोंड धुवायला न्हाणीघरात गेले. तिने बाहेर भिंतीवरचा कॉक फिरवला. घट्ट होता, दोन्ही हात लावावे लागले. आतला पाण्याचा आवाज थांबला.

थोड्या वेळाने दार उघडलं. तोंडाला साबणाचा फेस, डोळे मिटलेले. “नळ गेला वाटतं,” भाऊ म्हणाले. मग एक डोळा उघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “पाच ते सात आपल्या भागाला पूर्ण दाब असतो. हे वेळापत्रक मीच...” ते थांबले. त्यांची नजर कॉककडे गेली, मग तिच्या लाल झालेल्या हातांकडे.

वन्संनी नजर काठीच्या टोकाकडे वळवली.

भाऊंनी स्वतः कॉक उघडला, आत जाऊन तोंड धुतलं आणि टॉवेलने पुसत बाहेर आले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “स्वयंपाकघरातला काटा आण. आणि गॅलरीतला कालचा टॉवेल.”

तिने आणला.

“तोल.”

“पाचशे वीस ग्रॅम.”

“आता कपाटातला कोरडा तोल. तसलाच, जोडीतला.”

“तीनशे दहा.”

“काल सकाळपासून दोरीवर आहे. दोनशे दहा ग्रॅम पाणी अजून त्यातच बसलं आहे. मे महिन्यात हाच टॉवेल किती वेळात वाळायचा?”

“दोन तासांत.”

“मग आता का वाळत नाही? पंधरा दिवस मळभ आहे. हवेत आधीच पाणी भरलंय, टॉवेलातलं घ्यायला तिच्यात जागा नाही.” त्यांनी टॉवेलाचं टोक हातात धरलं. “मी दुसरा कोण आहे? उन्हाळ्यात माझ्या कातडीतून रोज पाव लिटर, कधी त्याहून जास्त, नुसतं हवेत उडून जायचं. आपल्याला दिसत नव्हतं, पण वजनात कळत होतं. आता ते जात नाही. तू सातच मापं देतेस, मी सातच पितो. फक्त वाळत नाही.”

वन्संनी काठी जमिनीवर आपटली. “म्हणजे याला दोरीवर टांगायचं होय? चिमटे आहेत का गं वहिनी मोठे?”

भाऊ मोठ्याने हसले, वन्संही हसल्या. मग हसता हसताच वन्संनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, “अरे बाटल्या, मला वाटलं तू चोरतोस.”

“ताई, चोरलं असतं तर तुला आधी सांगितलं असतं. साखरेच्या वेळी निम्मी तुलाच द्यायचो ना?”

ती हसली नाही. काट्यावरचा टॉवेल ती घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती. चोर असता तर त्याला पकडता आलं असतं, कॉक बंद करता आला असता. हवेचा कॉक कुठे असतो?

“मग आपण डॉक्टरांना हे सांगू या,” ती म्हणाली. “तुमची चूक नाही म्हटल्यावर ते पुन्हा सात करतील.”

“नाही गं.” भाऊंनी तिच्या हातून टॉवेल काढून घेतला. “पाणी चोरीचं असो नाही तर हवेने न नेलेलं असो, फुफ्फुसाला दोन्ही सारखंच जड. सहा म्हणाले ते बरोबर आहे.”

शनिवारपासून सहा मापं झाली.

सातावरून सहावर येणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. सकाळच्या गोळ्यांना एक, चहाचं एक, जेवणाला एक, चारचं एक, रात्रीच्या जेवणाला एक आणि झोपताना एक. गेलं ते सकाळी अकराचं. अकरा वाजता भाऊ घड्याळाकडे बघायचे आणि तीही बघायची, मग दोघंही दुसरीकडे बघायची. तिने त्या वेळेला स्वतः पाणी पिणं सोडलं. दोन दिवस ती अकरा ते एक कोरडी राहिली आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन ओट्याला टेकली.

“उपास कसला करतेस?” भाऊ ओरडले. “तुझं पाणी काय माझ्या तोंडात येणार आहे? जा, पी. माझ्यासमोर पी. निदान बघू तरी दे.”

ती त्यांच्यासमोर उभी राहून पूर्ण पेला प्यायली. भाऊ तिच्या गळ्याकडे बघत होते.

मंगळवारच्या मशीनला वजन थोडं उतरलं होतं, पण रंग चांगला नव्हता. पायांवर सूज होती. वन्सं आपल्या घरी परत गेल्या. बुधवारी दुपारी भाऊंनी शब्दकोडं बाजूला ठेवलं.

“एक मागू?”

“काय?”

“एक पूर्ण पेला. आपला स्टीलचा, मोठा. माप नको, रेघ नको. मान मागे टाकून, मध्ये न थांबता, शेवटपर्यंत. आठ महिन्यांत माझा घसा एकदाही भरलेला नाही. घोटघोटाने ओला होतो, भरत नाही.”

ती फोनपाशी गेली आणि तिने सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाली, “काकू, घरी अजिबात नको. पण शुक्रवारी मशीन सुरू झालं की पहिल्या तासात प्यायले तर चालेल, ते मशीन काढून घेईल. डॉक्टरांना विचारून ठेवते. साहेबांना सांगा, मंजूर.”

तिने येऊन सांगितलं तेव्हा भाऊंचा चेहरा असा उजळला, की तिला त्यांच्याकडे बघवेना. मग बराच वेळ बेत चालला. बर्फ नको, थंडीने घसा आखडतो. उकळलेलं तर मुळीच नको. शुक्रवारी पहाटे नळ आला की पहिली दोन मिनिटं सोडून द्यायची, मग भरायचं. तासभर उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीनचा वास उडेल. मग फिरकीच्या झाकणाच्या बाटलीतून न्यायचं, पेला वेगळा न्यायचा.

“चिठ्ठी पण लावू का बाटलीला?” ती म्हणाली.

“लाव. तारीख, वेळ, नळ क्रमांक. आणि खाली लिही, पिण्यास योग्य.”

गुरुवारी तिने स्टीलचा पेला चकचकीत घासून ठेवला. बाटली धुऊन उलटी घातली. बाहेर मळभ तसंच होतं. जेवणापर्यंत तीन मापं झाली. तीन वाजता तिने चौथं माप भरून टेबलावर ठेवलं आणि भाजी निवडायला ओट्याशी गेली.

तीन वाजून वीस मिनिटांनी भाऊ म्हणाले, “चारचं आत्ता देतेस?”

ती वळली नाही. “चारला. चाळीस मिनिटं राहिली आहेत. आत्ता प्यालात तर रात्री तळमळाल.”

“बरोबर आहे,” भाऊ म्हणाले.

पावणेचारला तिने भाजी धुतली, हात पुसले आणि मागे पाहिलं. भाऊंची मान खुर्चीच्या पाठीवर मागे टेकलेली होती, तोंड किंचित उघडं होतं. तिला आधी वाटलं, डुलकी लागली. मोजपात्र त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं, जसंच्या तसं भरलेलं. त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

वन्सं आल्या, शेजारी आले, सगळे आपापल्या परीने बोलले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, काही त्रास झाला नसणार. वन्सं म्हणाल्या, “तू काय कमी केलंस? डोळ्यांत तेल घालून जपलंस.” ती मान हलवायची. तिच्या कानात एकच वाक्य होतं: चारला, चाळीस मिनिटं राहिली आहेत.

मोजपात्र तिने कुणाला हलवू दिलं नाही. वन्संनी एकदा ते रिकामं करायला उचललं तर ती इतक्या जोरात “राहू दे!” म्हणाली, की वन्संनी ते खाली ठेवलं आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. रोज संध्याकाळी ती त्याच्यापाशी उभी राहून आकडा बघायची आणि डायरीत लिहायची. पहिले चार दिवस शंभर, मग नव्याण्णव. हवा थोडी मोकळी झाली असावी, घ्यायला लागली होती.

तीस तारखेला सकाळी ऊन पडलं. महिन्याभराने पडलेलं, लख्ख, डोळ्यांवर येणारं. तिने सगळे टॉवेल धुवायला काढले, दोरीवर टाकले आणि दारावर टकटक झाली.

भाऊंच्या जागेवर प्रयोगशाळेत लागलेली बाई होती. पस्तिशीची, खांद्याला बाटल्यांची पिशवी. कोपऱ्यावरचा नळ हा चाळिसांतला सतरावा, त्याचा नमुना घ्यायला आली होती. “काकू, त्या दिवशी मला येता आलं नाही. वर यायला पायच उचलत नव्हता. सरांनी मला हाताला धरून काम शिकवलं.”

दोघी टेबलाशी आल्या. बाईला मोजपात्र दिसलं आणि तिच्या तोंडावर हसू आलं. “हे अजून आहे? यात पाणी कशाला ठेवलंय?”

“असू दे,” ती म्हणाली. मग काहीतरी बोलायचं म्हणून, आणि खरं तर आकडा तिच्या जिभेवरच होता म्हणून, म्हणाली, “आज सत्त्याण्णववर आलं.”

बाई सवयीने वाकली. गुडघे दुमडून तिने डोळा पाण्याच्या बरोबरीला आणला. “शहाण्णव, काकू.”

“सत्त्याण्णव आहे. कड बघा ना.”

“कड नाही बघायची. पाणी काचेला चिकटून कडेने वर चढतं, मध्ये खोलगट राहतं. त्या खोलगट भागाचा तळ जिथे, ते खरं माप. कडेवर वाचलं की दर वेळी मिलिलिटरभर कमी भरतं.” बाई उभी राहिली आणि हसली. “सरांनी तुम्हाला नाही सांगितलं? आम्हाला तर पहिल्या दिवशी हेच. माझ्या हातून एकदा कडेवर वाचलं गेलं तर पात्र काढून घेतलं हातातलं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. म्हणाले, एक मिलिलिटर म्हणजे काय खेळ वाटला?”

ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. बाईला वाटलं, आठवणीने भरून आलं असेल. बाई थोडा वेळ बसली, पाणी प्यायली आणि नमुन्याची पिशवी उचलून खाली गेली.

दार लावून ती भाऊंच्या खुर्चीत बसली. त्या दिवसापासून ती तिथे बसली नव्हती. खुर्ची बुटकी होती. तिथे बसल्यावर मोजपात्रातलं पाणी बरोबर डोळ्यांच्या रेषेत आलं. वाकायची गरजच नव्हती. कडेला काचेवर चढलेलं पाणी, मध्ये खोलगट आणि त्याखाली ती रेघ, सगळं स्वच्छ दिसत होतं. एखाद्या लहान मुलालाही दिसलं असतं.

चौतीस वर्षं हेच बघितलेल्या माणसाने आठ महिने इथे बसून हे बघितलं होतं. रोज सात वेळा. तिचा हात कुठे थांबतो ते बघायचं, कमी भरलेलं पाणी घ्यायचं, तोंडात धरून गिळायचं आणि म्हणायचं, बरोबर शंभर.

तिने डायरी काढली. दहा जानेवारी ते बारा सप्टेंबर, दोनशे शेहेचाळीस दिवस, रोज सात. पुढे पाच दिवस सहा. शेवटच्या दिवशी तीन. सगळी मिळून एक हजार सातशे पंचावन्न मापं. मापामागे एक धरला तर पावणेदोन लिटर. घरातला मोठा स्टीलचा पेला पाव लिटरचा. म्हणजे सात पेले. मान मागे टाकून, मध्ये न थांबता.

तिने बेरीज दोनदा तपासली. बरोबर होती.

डॉक्टरांनी सातशे सांगितले होते, तिने सहाशे त्र्याण्णव दिले होते. त्याने त्यांच्या तब्येतीला बरंच झालं असेल, अपाय तर नाहीच, हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता. कुणाला सांगावं, तर वन्सं म्हणतील, एका मिलिलिटरचं काय घेऊन बसलीस? भाऊंना विचारावं, तर खुर्चीत ती स्वतःच बसली होती. आणि पाणी द्यावं, तर कुणाला?

समोर चौथं माप होतं. शहाण्णव. तिने हात पुढे केला, काचेला बोटं लावली आणि हात तसाच मागे घेतला.

उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत खाली फरशीवर गेला. दिवस मावळायच्या आत तिने पेन उघडलं. नेहमीच्या पाच ओळी सुचेनात. बऱ्याच वेळाने तिने लिहिलं:

मंगळवार, ३० सप्टेंबर. सकाळपासून ऊन. टॉवेल दोन तासांत वाळले. चार होते, घडी करून कपाटात ठेवले.